नानीच्या पुतळ्या आणि रोमचे देव

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरातलं सोनं कपाटातून बाहेर येतं. अंगावर घालायला नव्हे, जकातीच्या हिशोबाला. अम्मी सतरंजीवर बसून लाल कापडाची पुरचुंडी सोडते. मी सराफाने लिहून दिलेल्या वजनाच्या जुन्या चिठ्ठ्या समोर ठेवतो, मोबाइलवर त्या दिवसाचा भाव बघतो आणि अडीच टक्के काढतो. सोनं फार नाही. साडेसात तोळ्यांची निसाबाची रेषा कशीबशी ओलांडेल एवढंच. त्यातलं अडीच तोळे म्हणजे नानीचा पुतळ्यांचा हार.

मागच्या रमजानमध्ये या हारावरून घरात वाद झाला. माझा भाचा शिकायला बाहेर असतो, सुट्टीला आला होता. मुलगा चांगला आहे, पाच वेळचा नमाजी, मोठ्यांपुढे आवाज न चढवणारा. त्याने हार हातात घेतला, एक पुतळी उजेडात धरली आणि हळूच म्हणाला, "मामू, इसपे तो मूरत है. नानी ये घर में रखके नमाज पढ़ती?"

अम्मी काहीच बोलली नाही. भाच्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं आहे. हार मोडून नवा सेट करावा, म्हणजे मूर्तीचा प्रश्नही मिटेल आणि मुलीच्या अंगावर नव्या पद्धतीचं काही येईल. हिशोबाच्या दृष्टीने त्याचं चुकत नव्हतं. मी मात्र दोन दिवस अस्वस्थ होतो. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण नाणी वाचण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि त्या नादाने जे शिकवलं ते भाच्याला सांगावंसं वाटलं. त्याला जे सांगितलं, तेच थोडं विस्ताराने इथे लिहितो आहे.

नाद कसा लागला तेही सांगतो, कारण त्यात माझी काही हुशारी नाही. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. त्याआधी आम्ही परभणीकर आणि १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाची रयत. त्यामुळे इथल्या वाड्यांच्या भिंतींतून, शेताच्या बांधावरून, आजीच्या डब्यातून हाली सिक्क्याची नाणी निघतात. त्यांवर फारसी अक्षरं असतात. गावात फारसी वाचणारा आता कोणी नाही, म्हणून उर्दूच्या सरांकडे पाठवतात. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडून माणसं येतात, रुमालाची गाठ सोडतात आणि विचारतात, "सर, यावर काय लिवलंय?" बहुतेक वेळा लिहिलेलं एकच असतं. एका बाजूला निजाम-उल-मुल्क आसफजाह, दुसऱ्या बाजूला जुलूस मैमनत मानूस, जर्ब फर्खुंदा बुनियाद हैदराबाद. विसाव्या शतकातल्या नाण्यावर चारमिनार असतो आणि त्याच्या कमानीत एक छोटंसं अक्षर. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. एवढं सांगितलं की माणूस खूश होतो, आणि मग मूळ प्रश्न विचारतो: "याचे किती येतील?"

कधी कधी फसलेला माणूसही येतो. तांब्याचं, राम-लक्ष्मण-सीता-मारुती असलेलं, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ असं कोरलेलं नाणं घेऊन. हे तांदूळ ओढतं, लाखांना जातं, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. कंपनी सरकारने असं नाणं कधी पाडलंच नाही, हे देवस्थानाच्या बाजारात विकले जाणारे ठोकळे आहेत, हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र निजामापाशी सापडत नाही. त्यासाठी बरंच मागे, रोमपर्यंत जावं लागतं. आणि रोम आपल्याला वाटतं तेवढं लांब नाही. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. त्यात आपल्या मराठवाड्यातली दोन गावं आहेत: पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची. आणि भडोचला रोमची सोन्या-चांदीची नाणी उतरायची, कारण स्थानिक पैशात बदलून घेताना त्यावर नफा सुटे, असंही तो लिहितो. त्याच शतकात रोममध्ये प्लिनी तक्रार करत होता की हिंदुस्थान दर वर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. शंभर सेस्टर्सचा एक सोन्याचा ऑरियस. म्हणजे पाच लाख मोहरा. आकडा प्लिनीने फुगवला असेल, पण त्याची चिडचिड खरी आहे. आपल्या कापडासाठी त्यांच्या बायका त्यांचं सोनं उधळत होत्या.

या ऑरियसवर काय होतं? एका बाजूला सम्राटाचं डोकं. दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा एखादा देव, देवी किंवा देवीच्या रूपातला एखादा गुण. पंख असलेली विजयदेवी व्हिक्टोरिया, हातात फांदी घेतलेली शांतिदेवी पॅक्स, भाग्याची फॉर्च्युना, सलोख्याची कॉन्कॉर्डिया, सिंहासनावर बसलेला ज्युपिटर. रोमची जुनी टांकसाळ जूनो मोनेटा या देवीच्या देवळाशी होती. त्या मोनेटावरूनच इंग्रजीतला मनी शब्द आला आणि मिंट हा शब्दही. म्हणजे ज्याला आपण अगदी कोरडा, हिशोबी शब्द समजतो, तो मुळात देवीचं नाव आहे.

आणि हे देव नुसते भक्तीपोटी नव्हते. ऑगस्टस नाण्यावर स्वतःला दिव्य पुरुषाचा पुत्र म्हणवून घेत होता. टायबेरियसच्या नाण्यावर बसलेली बाई शांतिदेवी आहे की त्याची आई लिव्हिया, हे अभ्यासकांना आजही नीट वेगळं करता येत नाही, आणि तसंच राहावं अशीच बहुधा टायबेरियसची इच्छा असावी. नीरोचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. इ.स. ६४च्या सुमारास त्याने ऑरियसचं वजन उतरवलं. एका रोमन पौंडातून जिथे साधारण चाळीस नाणी पडायची, तिथे पंचेचाळीस पाडली. पुढच्याच वर्षी त्याच्याविरुद्धचा मोठा कट उघड झाला. त्यानंतर त्याने नाण्यावर ज्युपिटर घातला, शेजारी लिहिलं 'रक्षणकर्ता'. इ.स. ६८मध्ये नीरोला स्वतःचा जीव घ्यावा लागला. नाण्यावर देव आला त्याच सुमाराला नाण्यातलं सोनं कमी झालं होतं, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हसतात.

आपल्याकडच्या लोकांनी या देवांचं काय केलं? तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ साली ५०१ ऑरियस एका ठिकाणी सापडले. त्यांतल्या बहुतेकांवर छिन्नीने घाव घातलेला आहे. घाव कुठे, तर सम्राटाच्या डोक्यावर. पलीकडच्या देवीवर नाही. परक्या राजाचं नाणं चलनातून बाद करण्यासाठी असं केलं असावं, असं अनेक जाणकार मानतात. आणि तेर, कोंडापूर अशा सातवाहनांच्या काळातल्या गावांत रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत, गळ्यात ओवायला कडी किंवा भोक असलेल्या. ज्याला सोन्याचा ऑरियस परवडत नव्हता, तो मातीचा करून घालत होता. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या एखाद्या कोष्ट्याच्या बायकोने गळ्यात रोमचा सम्राट बांधला होता, आणि तिला त्याचं नावही ठाऊक नसेल. तिच्यासाठी तो दागिना होता. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली अजून पाण्याच्या घसरगुंड्यांकडेच जातात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता भाच्याचा खरा प्रश्न: मूर्ती असलेलं नाणं आणि आपला दीन.

आपण ज्याला दिनार म्हणतो तो शब्द रोमच्या 'डेनारियस'चा आहे. दिरहम हा ग्रीकांचा 'द्राख्मा'. तोच द्राख्मा संस्कृतात द्रम्म झाला, त्याचा दाम झाला, आणि आपण मराठीत दाम आणि दमडी म्हणतो. फुलूस हा रोमचाच 'फॉलिस'. ज्याच्याकडे फुलूससुद्धा उरला नाही तो मुफलिस. गुप्तांच्या काळातल्या संस्कृत लेखांतही सोन्याच्या नाण्याला दीनारच म्हटलं आहे. म्हणजे अरबस्तानातला उंटवाला आणि सांचीला दान देणारा उपासक एकाच रोमन शब्दाने पैसे मोजत होते.

कुरआनात दिनार येतो, सूरह आले-इम्रानमध्ये. दिरहम सूरह यूसुफमध्ये, यूसुफ अलैहिस्सलाम यांना कवडीमोलाने विकलं त्या प्रसंगात. पण रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या हयातीत मक्का-मदिनेत टांकसाळ नव्हती. मग दिनार कोणता? बायझंटाइन, म्हणजे रोमचाच. त्यांच्याच काळातल्या हिरॅक्लियस बादशहाच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला तो आणि त्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला पायऱ्यांवर उभारलेला क्रूस. दिरहम कोणता? इराणच्या सासानी बादशहांचा. एका बाजूला मुकुट घातलेला बादशहा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे सेवक. मदिनेच्या बाजारात खजूर याच नाण्यांनी विकत घेतला जात होता, मेहर याच नाण्यांत ठरत होता, आणि जकातीचा वीस दिनारांचा निसाब याच क्रूसवाल्या दिनारात मोजला जात होता. साडेसात तोळे म्हणून आज आपण जो आकडा पाठ करतो, तो त्या वीस दिनारांच्या वजनावरूनच आलेला आहे.

भाचा इथे थांबला. "लेकिन मामू, बाद में तो बदला ना?"

बदललं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण कधी आणि कसं बदललं तेही बघावं. इराण जिंकल्यावर पन्नासेक वर्षं मुसलमान सुभेदार सासानी ठशाचाच दिरहम पाडत राहिले. अग्निवेदी तशीच, बादशहाचं डोकं तसंच, फक्त कडेला छोट्या अक्षरांत बिस्मिल्लाह. शाममध्ये रोमन दिनाराची नक्कल करताना क्रूसाची आडवी दांडी तेवढी काढून टाकली, पायऱ्या आणि उभा खांब राहू दिला. अब्दुल मलिक बिन मरवान खलिफा होता तेव्हा त्याने आधी स्वतःचीच तलवारधारी आकृती दिनारावर घालून पाहिली. बायझंटाइन बादशहा दुसरा जस्टिनियन याने त्याच सुमारास नाण्यावर ईसांचा चेहरा आणला होता. दोन दरबारांची ती चढाओढ होती. शेवटी हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ मध्ये, अब्दुल मलिकने सगळ्या आकृत्या काढून फक्त अक्षरांचा दिनार पाडला. त्यामागे श्रद्धा होती, आणि नव्या साम्राज्याची ऐटही होती. पण रसूलुल्लाहांच्या वफातीला तोवर पासष्ट वर्षं होऊन गेली होती. पहिल्या पिढीने, म्हणजे ज्यांच्याइतका दीन आपल्याला येत नाही हे आपण रोज कबूल करतो त्यांनी, क्रूस आणि अग्निवेदी खिशात घेऊन नमाज पढली. त्यांनी नाणं मुशीत टाकलं नाही. नाण्याची पूजा कोणी करत नव्हतं, त्याचं वजन करत होते.

यहुद्यांचंही असंच. मूर्तीबाबत आपल्याइतकाच कडक समाज. पण जेरुसलेमच्या मंदिराचा वार्षिक कर कोणत्या नाण्यात घेत असत? टायर शहराच्या शेकेलमध्ये, ज्यावर त्या शहराच्या मेलकार्त देवाचं डोकं होतं. कारण त्याची चांदी शुद्ध होती.

आणि उलटंही घडलं आहे. आठव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑफा नावाच्या ख्रिस्ती राजाने सोन्याचं नाणं पाडलं, ते अब्बासी खलिफा मन्सूरच्या दिनाराची नक्कल होतं. कलम्यासकट. मध्ये आपलं नाव, आजूबाजूला ला इलाह इल्लल्लाह. ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नव्हतं हे उघडच दिसतं, नाव अरबी ओळींशी उलटं बसलं आहे. आज ते नाणं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता आपल्या देशाकडे वळतो, कारण इथे आल्यावर नाण्यावरच्या देवांचा प्रश्न धर्माचा राहत नाही, मोबाइलवरच्या भांडणाचा होतो.

शहाबुद्दीन घोरीने कनौजच्या गाहडवालांना हरवल्यावर त्यांच्याच पद्धतीचं सोन्याचं नाणं पाडलं. एका बाजूला बसलेली लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला नागरी अक्षरांत श्री आणि मुहम्मद बिन साम हे त्याचं नाव. महमूद गझनवीने १०२७-२८ मध्ये लाहोरला पाडलेल्या चांदीच्या दिरहमवर एका बाजूला अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा संस्कृत तर्जुमा, ज्यात अल्लाहसाठी 'अव्यक्त' आणि रसूलसाठी 'अवतार' असे शब्द आहेत. अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १६०४-०५ मध्ये, राम-सीतेचं नाणं निघालं. या नाण्यांची छायाचित्रं आमच्या मुस्लिम ग्रुपांवर दर दोन महिन्यांनी फिरतात. खाली लिहिलेलं असतं: बघा आमचे बादशहा किती उदार होते.

मला हे पटत नाही, आणि आपल्याच लोकांना हे सांगायला हवं. घोरीला लक्ष्मीबद्दल प्रेम नव्हतं. कनौजच्या सराफाला लक्ष्मी असलेलं सोनं ओळखीचं होतं, नवं नाणं तो पारखून, कापून घेतला असता. घोरीला महसूल हवा होता. अकबराची गोष्ट वेगळी, त्याच्या मनात खरंच काही चाललं होतं. पण दोघांना एका माळेत ओवून सर्वधर्मसमभावाचा हार करणं म्हणजे इतिहासाची फसवणूक आहे, आणि ती आपण केली तरी फसवणूकच. आपली देशातली जागा घोरीच्या नाण्यावर अवलंबून नाही.

हैदरअलीचा होन बघा. म्हैसूर हातात आल्यावर त्याने शिव-पार्वतीचा जुना ठसा चालू ठेवला, मागे फक्त आपल्या नावातलं 'हे' हे अक्षर घातलं. मुलगा टिपू गादीवर आला, त्याने शिव-पार्वती काढून टाकली. एवढ्यावरून बाप उदार आणि मुलगा कट्टर असं ठरवून मोकळं होता येईल. पण १७९१ मध्ये मराठा सैन्यातल्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी पैसा आणि सामान पाठवणारा हाच टिपू होता. आणि आपल्या छत्रपतींचा, १६७४च्या राज्याभिषेकाचा होन? त्यावर ना भवानी, ना महादेव. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. फक्त अक्षरं. घोरीच्या नाण्यावर लक्ष्मी आणि शिवाजी महाराजांच्या नाण्यावर कोणीच नाही. नाण्यावरून माणसाची श्रद्धा मोजायची असेल, तर या दोघांचा हिशोब कसा लावायचा ते सांगा.

नाण्यावरच्या देवांचा आग्रह आपल्या काळातही संपलेला नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अरविंद केजरीवालांनी नोटांवर लक्ष्मी-गणपती छापा, म्हणजे अर्थव्यवस्था सुधारेल, अशी मागणी केली होती. दाखला दिला तो इंडोनेशियाचा. मुसलमान देश, तरी वीस हजारांच्या नोटेवर गणपती. नोट खरी आहे, १९९८ सालची. आणि १९९८ हेच ते साल, ज्यात इंडोनेशियाचा रुपया कोसळून लोक रस्त्यावर उतरले आणि सुहार्तोंना पायउतार व्हावं लागलं. गणपतीचा त्यात काही दोष नाही. नीरोच्या ज्युपिटरचाही नव्हता. आपल्याकडे वैष्णोदेवी असलेलं पाच आणि दहा रुपयांचं नाणं सरकारने २०१२ साली काढलं, ते मीही वापरलं आहे, मशिदीच्या चंद्याच्या पेटीतही टाकलं असेल. शुक्रवारी नमाजला जाताना कुर्त्याच्या खिशात गांधीजींचं चित्र असतंच.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "लेकिन ये नाणं कहाँ है मामू, ये तो हार है." मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मग मी त्याला पुतळीची गोष्ट सांगितली. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

व्हेनिस शहराने १२८४ साली सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली, डुकाट. साडेतीन ग्रॅम, जवळपास शंभर नंबरी. एका बाजूला शहराचा प्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला, दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभावळीत, चांदण्यांच्या मध्ये उभे ईसा. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं तोवर, पाचशे वर्षं, हाच ठसा. व्हेनिसच्या टांकसाळीला झेक्का म्हणत, आणि हा शब्द अरबी 'सिक्का'चा. त्यावरून नाण्याला झेक्किनो नाव पडलं. मिऱ्या-मसाल्याच्या बदल्यात हे सोनं इजिप्त, तांबडा समुद्र असं करत आपल्या किनाऱ्यावर आलं. इथल्या लोकांनी त्यावर उभी माणसं पाहिली आणि साधं नाव दिलं: पुतळी. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्याची यादी आहे, त्यात होन आणि मोहरांच्या बरोबर पुतळ्याही आहेत. सोनं चोख म्हणून बायकांनी त्या ओवल्या. मग खरी पुतळी महाग झाली तेव्हा आपल्या सोनारांनी पातळ पत्र्यावर तसाच ठसा मारायला सुरुवात केली. रोमन अक्षरांच्या जागी नुसते ठिपके आणि रेघा आल्या. ईसांच्या जागी हळूहळू लक्ष्मी उभी राहिली. तेरच्या मातीच्या सम्राटासारखंच, फक्त दीड हजार वर्षांनंतर.

म्हणजे अरबी नावाच्या टांकसाळीतून निघालेलं ख्रिस्ती नाणं, मराठी सोनाराच्या हातून लक्ष्मीचं झालं आणि हिंगोलीच्या मुसलमान बाईच्या गळ्यात आलं. यातलं नेमकं काय वितळवायचं?

मी भाच्याला असं सांगितलं नाही की तू चूक आहेस. त्याला शिर्कची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. ज्याला आपल्या दीनची काळजी आहे त्याच्यावर हसणं मला जमत नाही. हनफी फिकहच्या जुन्या किताबांत, दुरून ओळखू येत नाही एवढ्या लहान चित्राबाबत नमाजच्या बाबतीत सवलत दिलेली आहे, तेवढं मी सांगितलं आणि जास्त विचारायचं तर आलिमांना विचार म्हणालो. माझी तक्रार दुसरी आहे. घरातली जुनी वस्तू कोणाची, कुठून आली, हे विचारण्याआधीच ती मोडीत काढायची घाई आपल्यात आली आहे. लुगडी गेली. ओव्या म्हणणाऱ्या, दर्ग्यातल्या उरुसाला पुरणपोळी करणाऱ्या बायका गेल्या. हे सगळं आपलं नव्हतंच, असं आम्हाला दोन्हीकडून ऐकवलं जातं. एक बाजू म्हणते तुम्ही इथले नाही, दुसरी म्हणते इथलं ते तुमचं नाही. दोघांचं म्हणणं शेवटी एकाच मुशीत जाऊन पडतं.

जमिनीतून निघणाऱ्या सोन्याचंही हेच होतं. १८७८चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, न कळवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याला हिस्सा मिळतो, हेही त्याच कायद्यात आहे, पण ते कोणाला माहीत नसतं. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत खोदकामाच्या मातीत मजुरांना २१६ जुनी सोन्याची नाणी सापडली. ती पोलिसांपर्यंत पोचली म्हणून आपल्याला कळली. जी थेट सोनाराच्या मुशीत जातात, त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते वाचायला कोणाकडेच कोणी जात नाही.

लग्नाचं म्हणाल तर सराफाकडे विचारून आलो होतो. तो म्हणाला, "सर, मोडीत टाकलं तर घट जाणार, नव्याला मजुरी लागणार. हातात दोन तोळ्यांच्या आतच येईल." भाच्यावर माझ्या रोमपेक्षा या वाक्याचा जास्त परिणाम झाला असावा.

ईदच्या आदल्या रात्री त्याने माझं भिंग मागून घेतलं आणि एकेक पुतळी बघत बसला. मूळ हारात एकोणीस होत्या. बहात्तरच्या दुष्काळात नानीने एक विकून ज्वारी आणली होती, म्हणून अठरा. सतरा सारख्या आहेत, लक्ष्मी असलेल्या, घासून नाक-डोळे गेलेल्या. अठरावी जरा जाड. तिच्यावर दोन माणसं आहेत, एक उभा, एक वाकलेला, मध्ये काठीसारखं काही, आणि कडेला अक्षरांसारख्या रेघा. त्याने ती अम्मीसमोर धरली. "नानी, ये दो जने कौन हैं?"

अम्मीने चश्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "मेरेकू क्या मालूम बेटा," ती म्हणाली, "मेरी अम्मा इनको मियाँ-बीवी बोलती थी." मग हार पुरचुंडीत गुंडाळला आणि जकातीची रक्कम पुन्हा एकदा मोजून घेतली. त्यात या दोघांचंही वजन धरलेलं होतं.